जिना कुठे उतरतो?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मेट्रोचा नकाशा पाहिला. लाल, निळी, हिरवी मार्गिका, सगळं कसं देखणं! तुझं पहिलंच मोठं काम, म्हणून थोडं नाक खुपसतो.

माझ्या उमेदवारीत मी एका स्थानकाची जागा सुचवली होती. कंपास ठेवून अर्ध्या किलोमीटरचं वर्तुळ काढलं, दवाखाना आत आला, मी खूश. स्थानक सुरू झाल्यावर बघायला गेलो. जिना रस्त्याच्या एकाच अंगाला उतरत होता आणि दवाखाना पलीकडे. एक आजी काठी बगलेत मारून दुभाजकाच्या फटीतून अंग चोरत निघाल्या होत्या. माझ्या वर्तुळात दुभाजक नव्हताच. तेव्हापासून मी स्वतः चालून घड्याळ बघतो. भर उन्हात एकदा, पावसात एकदा. तूही चालून बघ.

दर तीन मिनिटांनी गाडी म्हणजे तासाला २०. गाडीत दीड हजार माणसं धरली, तर एका दिशेने ३०,००० जातील. शहरातल्या रस्त्यावर मोटारींची एक लेन तासाला दोन हजार माणसंही नेत नाही. पण एवढे प्रवासी पुढेही मिळणार नसतील, तर स्वतंत्र लेनमधली बस पुरते, हे बैठकीत सांगायला कचरू नकोस. मेट्रोची हौस फार महाग पडते.

वाढत्या शहरात खरा घोळ क्रमाचा असतो. आधी घरं, मग गर्दी, मग रूळ, असं झालं की प्रत्येक खांबासाठी कुणाचं तरी अंगण मागावं लागतं. कोपनहेगनने १९४७ साली हाताच्या पंजासारखा आराखडा केला. बोटांवर रेल्वे आणि वस्ती, दोन बोटांमध्ये मोकळी हिरवी जागा. स्टॉकहोमच्या व्हेलिंगबी उपनगरात मेट्रो १९५२ मध्ये पोहोचली, तिथलं मुख्य केंद्र खुलं झालं १९५४ मध्ये. लोकांना मोटारीची सवय लागण्याआधी गाडी दारात हजर!

आणि डेपो. स्थानक आपल्या दारी यावं म्हणून सगळे भांडतील, डेपोचं नावही कुणी काढणार नाही. गाड्या रात्री उभ्या कुठे करायच्या, धुवायच्या कुठे, चाकं कुठे तपासायची? एवढी सलग सपाट जमीन आज शहराच्या कडेला आहे, दहा वर्षांनी नसेल. ती आधी राखून ठेवायला लाव.

पुढच्या खेपेला जिने कुठे उतरतात तो नकाशा पाठव. रंगीत नसला तरी चालेल.

तुझा,
बाबा