माशांचे खाद्य जोखताना आतडेही तपासावे

संपादक महोदय,

मत्स्यशेतीसंबंधी लिहिताना-बोलताना खाद्याचा दर्जा सहसा प्रथिनांची टक्केवारी आणि माशाचे वाढलेले वजन या दोनच मापांनी ठरवला जातो. आपण टाकलेले खाद्य माशाबरोबर त्याच्या आतड्यातील जिवाणूंनाही पोसत असते, ही बाजू मात्र बहुधा राहून जाते.

मासळीच्या भुकटीऐवजी सोयाबीन पेंड वापरण्याकडे कल वाढला, आणि तो योग्यच होता, कारण पाळीव माशांसाठी समुद्रातले मासे उपसत राहण्याला मर्यादा आहे. परंतु अटलांटिक सामनसारख्या मांसाहारी माशाला ही पेंड जास्त प्रमाणात दिल्यास त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते आणि अन्नरस शोषणाऱ्या घड्या आखूड होतात, हे 1990च्या दशकातच नोंदवले गेले असून आतड्यातील जिवाणूंचे परस्पर प्रमाणही त्याबरोबर बदलल्याचे आढळले आहे. सोयाबीनमधील सॅपोनिन (साबणासारखे फेसाळणारे द्रव्य) हे यामागचे एक मुख्य कारण मानले जाते. तेच सोयाबीन अल्कोहोलने धुऊन, सॅपोनिन काढून वापरले तर ही सूज सहसा दिसत नाही. म्हणजे प्रथिनांचा आकडा पोत्यावर छापला तरी प्रथिने कोणत्या रूपात दिली हे त्यावरून कळत नाही.

उलट दिशेचे उदाहरण तिलापियाचे आहे. खाद्यात कोबाल्ट असले की तिलापियाच्या आतड्यातील जिवाणू ब-12 जीवनसत्त्व पुरेसे तयार करतात, त्यामुळे ते वेगळे द्यावे लागत नाही. खाद्यातून सरसकट प्रतिजैविके दिल्यास असे उपयोगी जिवाणूही मरतात, मोकळ्या झालेल्या जागी एरोमोनास किंवा व्हिब्रिओसारखे संधिसाधू जिवाणू बळावू शकतात, शिवाय औषधांना दाद न देणारे जिवाणू पाण्यात पसरतात. युरोपीय संघाने केवळ वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालण्यावर 2006पासून बंदी घातली, ती उगीच नव्हे.

यावर उपाय म्हणून प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंच्या, बाटल्या खपतात. त्यांचा उपयोग होतच नाही असे म्हणणे चूक ठरेल, पण बाहेरून दिलेले बहुतेक जिवाणू देणे थांबताच हळूहळू नाहीसे होतात. मासा ज्या पाण्यात विष्ठा टाकतो त्याच पाण्यात तो खातो. ते पाणी आणि रोजचे खाद्य न सुधारता नुसत्या बाटलीवर विसंबणाऱ्याचे पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

तेव्हा नवे खाद्य बाजारात आणणाऱ्यांनी वाढीच्या आकड्यांसोबत आतड्याच्या ऊतींची तपासणीही त्या-त्या जातीच्या माशावर करून जाहीर करावी. केवळ विष्ठेतील जिवाणू मोजून भागणार नाही, कारण खाद्याबरोबर वाहून जाणारे जिवाणू आणि आतड्याच्या आवरणाला धरून राहणारे जिवाणू यांत बराच फरक असतो.

आपला,
एक वाचक