तीन गुरुवार : माननीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

हे पत्र मी बोलतो आहे आणि माझी पुतणी ते उतरवून घेत आहे, कारण मला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन अवघड करणारी अध्ययन अक्षमता आहे आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीही पानभर मजकूर हाताने लिहायचा म्हटला तर माझी अर्धी रात्र जाते. वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ माझे विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळण्याचे दुकान आहे. दर रविवारी सकाळी तिथेच वाचताना अडखळणारी मुले माझ्याकडे येतात.

गेल्या जूनमध्ये एका अधिकाऱ्यांनी आम्हा सर्वांना भर सभेत शब्द दिला होता की, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सरकारी रुग्णालयात डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र बसतील आणि अशा मुलांना तपासून अध्ययन अक्षमतेचे दाखले देतील. त्या शब्दावर विसंबून दहावीतल्या एका मुलीला घेऊन तिची आई आणि मी तीन गुरुवार खेपा घातल्या. पहिल्या दोन वेळा मानसशास्त्रज्ञ आलेच नव्हते. परवा तर खिडकीवरच्या माणसाने भिंतीवरची सूचना तिला रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावली आणि ती दुसऱ्या ओळीवर थांबताच, "दहावीपर्यंत पोचलीस तरी कशी?" असे विचारले.

महोदय, हा प्रश्न मी लहानपणी रोज ऐकला आहे. घरी आजी देवनागरी गिरवून घेई आणि शाळेत गुजराती. गुजरातीत अक्षरांवर रेघ नाही, 'घ' आणि 'ध' यांत जेमतेम फरक, 'र' आणि दोनचा आकडा तर जुळ्या भावांसारखे, त्यामुळे तोंडी बरोबर येणारी गणितेसुद्धा माझ्या पाटीवर चुकत. शाळेत 'ठोठ' आणि घरी 'ढ', अशी दोन भाषांत माझी एकच ओळख होती. नववीत मी शाळा सोडली. जळालेल्या मोटारीतील तारांची गुंतागुंतीची मांडणी एकदा पाहिली की माझ्या ध्यानात राहते, हे मात्र एकाही मास्तरांना कधी कळले नाही.

रविवारी मी काही मोठे करत नाही. पुठ्ठ्याला एका ओळीपुरती खिडकी कापतो, म्हणजे खालच्या ओळी डोळ्यांपुढे नाचत नाहीत. वाळूत बोटाने अक्षर काढताना मुलाने त्याचा उच्चार मोठ्याने करायचा, एवढाच माझा आग्रह असतो. माझ्याकडच्या 14 मुलांपैकी 11 जणांकडे आजही दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय परीक्षेत तासाला 20 मिनिटांचा जादा वेळ मागता येत नाही.

दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016 मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशी मुले लवकरात लवकर ओळखून त्यांना योग्य पद्धतीने शिकवणे हे शाळांचे कर्तव्य असल्याचे त्याच्या सोळाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, आणि हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. मग माझ्या 11 मुलांना एकाही शिक्षकाने का ओळखले नाही? सयाजीराव महाराजांनी 1906 साली संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि त्याच शहरात आज एक मुलगी वाचता येत नाही म्हणून रांगेत अपमानित होते, याची मला मनापासून लाज वाटते. आपल्याकडे ज्ञान तपासायचे म्हणजे तीन तासांत किती पाने भरली ते पाहायचे. जो बोलून सांगू शकतो, हाताने करून दाखवू शकतो, त्याला या व्यवस्थेत जागाच ठेवलेली नाही, आणि हा दोष एका खिडकीवरच्या माणसाचा नाही.

गुरुवारचा दिलेला शब्द पाळला जावा, तपासणीच्या वेळी मुलांना खाजगी खोली मिळावी आणि तिसरीपर्यंतच्या प्रत्येक शिक्षकाला अशी मुले ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे, एवढे माझे मागणे आहे.

येत्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही चौथ्यांदा जाणार आहोत. मुलीने यायचे अजून कबूल केलेले नाही.

आपला,
दांडिया बाजारातील एक कारागीर, वडोदरा