रेफरन्स काउंट प्रात्यक्षिकातून शिकवावा

महोदय,

राज्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकवली जाते. मात्र मेमरीची काळजी भाषा स्वतःच घेते, एवढे सांगून तो विषय बहुधा तिथेच आटोपला जातो. आजवर हे निभावून गेले, कारण पायथनच्या इंटरप्रिटरला, म्हणजे तिचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामला, एक मोठे कुलूप होते. कितीही थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) सुरू केले तरी एका वेळी एकालाच पायथनचा कोड चालवता येई. त्यामुळे ऑब्जेक्ट (मेमरीत ठेवलेली माहिती) किती ठिकाणी वापरात आहे हे सांगणारा आकडा, म्हणजेच रेफरन्स काउंट, साध्या बेरीज-वजाबाकीने सांभाळता येत असे. हा आकडा शून्यावर आला की ऑब्जेक्टची मेमरी मोकळी केली जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13 या आवृत्तीत हे कुलूप काढलेला पर्याय प्रायोगिक म्हणून उपलब्ध झाला आणि ऑक्टोबर 2025 च्या 3.14 मध्ये त्याचा ‘प्रायोगिक’ हा शिक्काही गेला.

कुलूप नसेल आणि आकडा साधाच राहिला तर काय होते? समजा, आकडा 2 आहे आणि दोन थ्रेड एकाच क्षणी आपापला रेफरन्स सोडतात. दोघेही 2 वाचतात, दोघेही 1 लिहितात आणि कोणालाच नको असलेला ऑब्जेक्ट मेमरी अडवून बसतो. याउलट एका थ्रेडची बेरीज दुसऱ्याच्या वजाबाकीखाली पुसली गेली, तर वापरात असलेला ऑब्जेक्टच नष्ट होतो. हे कितीतरी अधिक घातक आहे. म्हणून वाचणे, बदलणे आणि लिहिणे ही एकच अखंड, अॅटॉमिक क्रिया करावी लागते. तिला वेळ अधिक लागतो. पायथनने यावर काढलेली तोड मला फार देखणी वाटते: ऑब्जेक्ट निर्माण करणाऱ्या थ्रेडचा हिशेब एका साध्या आकड्यात आणि बाकी सर्वांचा हिशेब वेगळ्या, अॅटॉमिक आकड्यात.

हा हिशेब चुकल्यास सुरक्षाही धोक्यात येते. जानेवारी 2016 मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलमधील, म्हणजे गाभ्यातील, अशीच एक त्रुटी उघड झाली. एका ठरावीक परिस्थितीत कीरिंगचा (गुप्त किल्ल्या जपणाऱ्या ऑब्जेक्टचा) आकडा वाढे, पण उतरत नसे. तो वाढवत नेऊन 32 बिटांची मर्यादा ओलांडली की शून्यावर येई, वापरातली मेमरी मोकळी होई आणि सामान्य वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे संगणकावरील सर्वोच्च, अधिकार मिळवता येत. पुढे 2017 मध्ये कर्नेलमध्ये मोजणीसाठी असा प्रकार आला, जो मर्यादेपाशी पोचल्यावर शून्यावर न येता तिथेच थांबतो.

माझ्या विद्यार्थ्यांमध्ये एक गैरसमज हमखास आढळतो. सी प्लस प्लस या भाषेतील शेअर्ड पॉइंटर (रेफरन्स काउंट आपोआप सांभाळणारी सोय) वापरला की सारे सुरक्षित झाले, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात सुरक्षित असते ती केवळ मोजणी. ऑब्जेक्टमधील माहिती दोन थ्रेड एकदम बदलणार असतील, तर तिच्यासाठी स्वतंत्र लॉक लागतेच.

अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, यासाठी एक प्रात्यक्षिक नेमावे. सी प्लस प्लसमध्ये, कंपायलरचे ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्यासाठी तो करत असलेले फेरफार, बंद ठेवून (अन्यथा चूक दिसेलच असे नाही), दोन थ्रेडकडून एकच साधा आकडा प्रत्येकी दहा लाख वेळा वाढवून घ्यावा आणि उत्तर वीस लाख का भरत नाही, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. मग तोच आकडा अॅटॉमिक करून लागणारा वेळ त्यांनी मोजावा.

— एक संगणक-अध्यापक, पुणे