चित्रातला लजांद्र दुसराच

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला गणिती आद्रियां-मारी लजांद्र यांच्यावरचा लेख आवडला. सोबतचे चित्र मात्र त्यांचे नव्हे. बाजूने दिसणारा तो करारी चेहरा फ्रेंच राज्यक्रांतीतले पुढारी लुई लजांद्र यांचा आहे. पेशाने ते खाटीक! दोघांचाही जन्म १७५२ सालचा, आणि जुन्या शिळाछापाखाली नाव नुसतेच ‘लजांद्र’. तेवढ्या आधारावर पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या हेच चित्र छापले गेले. घोळ उघडकीस आला तो थेट २००५ मध्ये. गणितज्ञाचे एकच चित्र ठाऊक आहे. बोईली या चित्रकाराने १८२० मध्ये जलरंगात काढलेले व्यंगचित्र, केस पिंजारलेले, मुद्रा त्रासिक. देखणे नाही, पण निदान त्यांचे आहे. पुढच्या अंकात तेच छापावे.

— एक नियमित वाचक