वाइंडिंगचं काम धरलं आहे, पैसे पाठवू नका

ती. आई-बाबांना नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते. कॉलेज सुटल्यावर मी मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम शिकते. आता नगावर पैसे मिळू लागलेत, खोलीचं भाडं आणि डबा त्यातून निघतो. या महिन्यापासून पैसे पाठवू नका.

बाबा, बी.एस्सी. सुटलेलं नाही, सुटणारही नाही. दादाच्या वेळचं तुमच्या मनात येईल, पण माझी हजेरी आणि प्रॅक्टिकल सगळं वेळेवर आहे. टायपिंग, टॅली, दोन्हींची चौकशी केली होती. ती कामं चांगलीच, पण त्यासाठी शहरच धरून बसावं लागतं. मोटर आपल्याकडे विहिरीविहिरीवर आहे. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की लाइनच्या तीनपैकी एक फेज जाते, सगळा भार उरलेल्या दोन फेजवर पडतो, तार तापते आणि मोटर जळते. माणूस दुकानाबाहेर बसून राहतो, कारण तिकडे वावर वाळत असतं. हे काम गावात राहूनही करता येईल, आणि पुढे शिकायचं ठरवलं तर त्याचा खर्चही यातूनच निघेल.

काम किचकट आहे. जळालेली कॉइल काढताना वेढे मोजून वहीत लिहायचे, तारेचा गेज बघायचा, खाचा घासून त्यात कागद बसवायचा, मग फर्म्यावर गुंडाळलेली नवी कॉइल हळूहळू आत उतरवायची. तारेच्या इनॅमलला ओरखडा गेला की मेहनत वाया. फॅराडेनं १८३१ मध्ये शोधलेला नियम मी नुसता पाठ केला होता, तो इथे हाताला कळतो. आई, बोटं तुझी घेतली आहेत, म्हणून जमतं.

दुकानात काकूही बसतात, दिवेलागणीच्या आत मी खोलीवर असते. डबा गरम येतो, भाजीवर हिरवा, चिरलेला सांबारही असतो. तुझी गोधडी पुरते, नवीन शिवू नकोस.

बाबा, मोटरला रात्रीची लाइन असली की मी बॅटरी धरायला तुमच्या मागे यायची. तुम्ही मला घोंगड्यात गुंडाळून बसवायचे, आणि मोटर सुरू झाली की पाइपातलं पहिलं कोमट पाणी माझ्या पायांवर सोडायचे. त्या थंडीत तुम्ही मात्र अनवाणी चिखलात उभे असायचे.

आता तसं करायचं नाही. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावायचा नाही, रात्री एकट्यानं वावरात जायचं नाही. फेज गेली की मोटर आपोआप बंद करणारा प्रिव्हेंटर बायपास करून ठेवला आहे, तो मी रविवारी येऊन जोडते. बीपीची गोळी बरं वाटतं म्हणून थांबवायची नाही.

आणि कापूस. वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा होत नाही तोच दारात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याचा काटा अंगणात का लागतो, ते मला कळतं. यंदा माझ्यासाठी तो काटा लावू नका. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. कापूस नीट वाळवा. ओलावा आठ टक्क्यांवर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, भाव कापते, बाराच्या वर घेतच नाही. कपास किसान अ‍ॅपवरची नोंदणी मी बघते, सातबारा आणि आधार काढून ठेवा. चुकाऱ्याचे पैसे थोडे उशिरा आले तरी आता अडणार नाही.

आई, वेचणीला बाया लाव, तू जाऊ नकोस. हे रागावून लिहिलेलं नाही गं. आजवर तुम्ही कधी काही कमी पडू दिलं नाही, म्हणूनच हे सांगायची हिंमत झाली. भाऊजींना पटणार नाही, त्यांच्याशी मी बोलीन.

या महिन्याचे पैसे बाजूला काढले असतील, तर त्यात आईला यवतमाळला नेऊन गुडघे दाखवून आणा. नंबर मी लावते.

तुमची,
छोटी