आईबाबांच्या वजनाचा हिशेब

नॉटिंगहॅम,
16 नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
वैशालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर मी तुम्हा दोघांचे वजन विचारले आणि पलीकडे एकदम सामसूम झाली. बाबांना वाटले की विम्याचे काही काम निघाले आहे, आणि आईने तर माझ्या वजनावर तिथून लक्ष ठेवायची गरज नाही असे सांगून फोन प्रशांतच्या हातात दिला. दोन्ही समज चुकीचे आहेत. तुम्ही उन्हाळ्यात इकडे याल तेव्हा आपण चौघे मोटरहोममधून, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या आमच्या गाडीतून, स्कॉटलंडला जाणार आहोत, आणि त्या गाडीत कायद्याने तुम्ही दोघे मावत नव्हता, म्हणून ते आकडे हवे होते. आता मावता. कसे, ते फोनवर सांगायला गेले तर तुमची काळजी वाढते असा अनुभव आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या मोटरहोमवाल्यांना वजनाचे जे वेड आहे ते मला पहिले वर्षभर कळलेच नाही. मुक्कामाच्या मैदानावर शेजारी गाडी लागली की नमस्कार-चमत्कारानंतर हवेची चौकशी होते आणि तिसरा प्रश्न असतो की तुमची गाडी कितीची आहे. मी आधी किंमत सांगायचे. त्यांना किंमत नको असते, किलो हवे असतात. ही माणसे सहलीला निघण्यापूर्वी भरलेली गाडी सार्वजनिक काट्यावर नेतात, स्वतःच्या खिशातले पैसे देऊन वजन करून घेतात आणि ती चिठ्ठी गाडीत जपून ठेवतात. काटा म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्यावर असतो तसाच जमिनीतला, ज्यावर उसाची ट्रॉली आधी भरलेली आणि मग रिकामी तोलतात. फरक इतकाच की तिकडे कारखान्याने काटा मारला असा शेतकऱ्याला संशय असतो आणि इथे माणूस स्वतःवरच संशय घेऊन काट्यावर येतो. आधी अख्खी गाडी, मग फक्त पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या चाकांच्या जोडीवर पडणारे वजन, मग फक्त मागचा, अशी तीन वजने करतात, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल जास्त भरलेला असू शकतो आणि तोही गुन्हाच आहे. आम्ही मागे अडकवलेल्या दोन सायकली स्टँडसह 35 किलोच्या होत्या, पण त्या मागच्या चाकांच्याही बऱ्याच मागे लोंबत असल्यामुळे तरफेसारखे होऊन मागच्या एक्सलवर 55 किलो पडत होते आणि पुढचा एक्सल 20 किलोने उचलला जात होता. बाबा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. एसटीच्या टपावरचे सामान कुठे बांधायचे यावरून तुमची कंडक्टरांशी होणारी भांडणे मी लहानपणी ऐकलेली आहेत. सायकली आता घरीच राहतात.

सायकली काढून, पाण्याची 100 लिटरची टाकी आणि डिझेल भरून, आम्ही दोघे बसून गाडी 3,415 किलो भरली. कागदावरची मर्यादा 3,500. त्यात तुमचे दोघांचे 130 आणि दोन बॅगांचे 46 घातले की 3,591 होतात, म्हणजे 91 किलो जास्त. आईने सुचवले तसे पाणी न भरता निघालो तर 3,491 होतात, आणि उरलेले नऊ किलो पहिल्याच बाजाराच्या पिशवीत संपतात. त्यामुळे सामान कमी करा हा सल्ला आम्ही मनावर घेतला नाही असे कृपया समजू नये. आम्ही लोखंडी तवासुद्धा काढून पाहिला आहे.

म्हणून पासिंग, म्हणजे कागदावरची वजनाची मर्यादाच, वाढवून घेतले. खरी गंमत अशी की या गाडीचा पुढचा एक्सल कारखान्यातूनच 1,850 किलोचा आहे आणि मागचा 2,000 चा. बेरीज 3,850 होते. तरीही कंपनी ती 3,500 ला पास करून विकते, कारण साध्या मोटारीचा परवाना इथे तिथपर्यंतच चालतो आणि त्यापुढची गाडी घ्यायला गिऱ्हाईक बिचकते. थोडक्यात, गाडीत ताकद होती, कागदात नव्हती. 2018 साली आपल्या सरकारने एका अधिसूचनेने दोन एक्सलच्या ट्रकची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेली, तेव्हा बाबा म्हणाले होते की ट्रक कालचाच आहे, शाई तेवढी आजची आहे. मला तेच आठवले. अर्थात इथे अगदी नुसती शाई पुरली नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आधार म्हणून हवेच्या रबरी पिशव्या बसवल्या, टायरवर लिहिलेली भारक्षमता प्रत्येक एक्सलला पुरते का ते तपासले, गाडीच्या दारातल्या जुन्या पट्टीचे आणि टायरांचे फोटो या कामाच्या एका जाणकाराकडे पाठवले, त्याने हिशेब तपासून नवी पट्टी आणि दाखला दिला, आणि ते सगळे आरसी बुकासह स्वान्सीच्या सरकारी कार्यालयात गेले. नवे पुस्तक 3,850 च्या आकड्यासह परत आले. रस्ता कर वाढेल अशी तयारी ठेवली होती, तर तो उलट कमी झाला, कारण गाडी आता जड खासगी वाहनांच्या वर्गात गेली. या देशाचे तर्कशास्त्र मी अजून शिकते आहे.

आता परवान्याचे. 1 जानेवारी 1997 च्या आधी ज्याने इथे साधी मोटारीची परीक्षा दिली त्याला साडेसात टनांपर्यंतची गाडी आपोआप चालवता येते. आमच्या शेजारच्या आजोबांनी 1974 साली ती दिली. त्यांनी आयुष्यात ट्रकला हात लावलेला नाही, पण त्यांना मुभा आहे. मात्र सत्तरी ओलांडल्यावर ही मुभा टिकवायला डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून ते आपली चार टनांची गाडी कागदावर 3,500 वर उतरवून घेत आहेत. एकाच गल्लीत आम्ही चढवतो आणि ते उतरवतात. मी परीक्षा दिली 2012 मध्ये, त्यामुळे मला 'सी-वन' नावाचा वेगळा परवाना काढावा लागला: डॉक्टरची तपासणी, शंभर प्रश्नांचा लेखी पेपर, संगणकावर रस्त्यातले धोके ओळखण्याची चाचणी, मग ट्रक मागे घेण्याची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची.

बाबा, एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. मागे घेण्याच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. शंकूला मागचा कोपरा लागला. कुंभार्ली घाटात समोरून लोड गाडी आली की तुम्ही भरलेली एसटी वळणापर्यंत मागे घ्यायचात, आणि तुमच्या मुलीला सपाट मैदानात चार शंकू सांभाळता आले नाहीत, हे फोनवर सांगवेना. दुसऱ्या वेळी तुमचे बोल आठवले की मान वळवू नकोस, आरशावर विश्वास ठेव, आणि पास झाले. अनिकेतने अजून परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे स्कॉटलंडपर्यंत गाडी मीच चालवणार आहे. यावर मावशीने जे म्हटले ते मला कळले आहे. मी ट्रक-ड्रायव्हर झालेली नाही, बँकेतली नोकरी चालू आहे, आणि झाले असते तरी आपल्या घरात त्याची लाज वाटण्याचे कारण नव्हते.

आई, तू विचारलेस की 91 किलोंसाठी एवढा खटाटोप कशाला, तिथे कोण बघते. बघतात. दहा टक्क्यांपर्यंत जास्त भरले तर शंभर पौंड दंड आहे, पण दंडाची मला भीती नाही. अपघात झाला तर विमा कंपनी त्याच 91 किलोंवर बोट ठेवेल, आणि तेव्हा गाडीत तुम्ही दोघे असाल. बाबांना स्वित्झर्लंड बघायचे आहे हे लक्षात आहे, पण तिथे साडेतीन टनांवरच्या गाडीला वेगळा जड वाहन कर पडतो आणि तुमचा व्हिसाही वेगळा काढावा लागेल, म्हणून ते पुढच्या खेपेला विमानाने करू. रात्री आम्ही उघड्यावर राहत नाही, मैदानाला फाटक असते, आणि गाडीतली शेगडी आपल्या स्वयंपाकघरातल्या शेगडीइतकीच सुरक्षित आहे.

खर्च किती झाला हे मी पौंडांतच ठेवते, कारण रुपयांत सांगितले की आईचा त्या रात्रीचा डोळा लागत नाही. कागदपत्रे आणि पिशव्या मिळून सुमारे आठशे, परवान्याची शिकवणी आणि दुसऱ्यांदा भरलेली फी धरून तेराशे. याच पैशांत माईआजीच्या वर्षश्राद्धाला येता आले असते, हे मला कोणी सांगितले नाही तरी मला ठाऊक आहे. रजा शिल्लक नव्हती हे खरे आहे, आणि मी ती मागूनही पाहिली नव्हती हेही खरे आहे. घराच्या पत्र्याचे दीड लाख या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत बाबांच्या खात्यात येतील. गवंड्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

प्रशांतसाठी आलेल्या सांगलीच्या स्थळाला माझी पसंती विचारू नका. मुलगी तुम्ही पाहिली आहे, मी फोटो पाहिला आहे. फक्त तारीख वैशाखात धरत असाल तर आजच कळवा, मी तीन आठवड्यांची रजा लिहून देते, आणि या वेळी खरेच देते. हॉलचे अर्धे पैसे माझ्याकडे. मुलीकडच्यांनी विचारले तर वैशाली इंग्लंडमध्ये मोठ्या पदावर आहे असे सांगू नका, नोकरी करते एवढेच सांगा.

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमची,
वैशाली

ता. क. : व्हिसाच्या अर्जासाठी दोघांचे पासपोर्ट लग्नाच्या गडबडीआधी शोधून ठेवा. आणि आईने सांगितलेले 58 किलो जुने असावेत असे प्रशांत म्हणतो. दवाखान्यातल्या काट्यावर चपला घालून पुन्हा बघा. आता आपल्याकडे दोनशे एकोणसाठ किलो शिल्लक आहेत, तेव्हा खरा आकडा सांगायला हरकत नाही, आणि त्यातले दहा किलो मी गोडा मसाला आणि भडंगासाठी धरून ठेवले आहेत.