फ्रिज बदलण्याआधी मीटर बघा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बिल वाढलं म्हणून फाइव्ह स्टार फ्रिज घ्यायचं तुमच्या मनात आहे. त्याआधी वीज नेमकी कुठे जातेय ते बघू.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ३२०० किंवा तसाच एखादा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. बाबा, घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिज, इन्व्हर्टर आणि सेट-टॉप बॉक्सचे प्लग काढा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. आता दिवा नुसता पेटून राहिला किंवा विझलेला राहिला तरी चालेल, पण लुकलुकता कामा नये. लुकलुकलाच तर एकेक एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा प्रत्येक लाइनचा खटका, पाडत जा. जो पाडल्यावर थांबेल, दोष त्या लाइनवर. भिंतीत ओल शिरून वायरिंगमधून करंट गळत असेल तर धोका बिलापेक्षा मोठा आहे. लायसन्सवाल्या वायरमनलाच बोलवा, बोर्ड स्वतः उघडू नका.

मग फक्त एक पंखा लावा. ३२००च्या मीटरवर ७५ वॉटचा पंखा दर १५ सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकवतो. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, फुल स्पीडला साधारण ३० वॉट घेतो. तुमचा हॉलमधला पंखा रोज १६ तास फिरतो असं धरलं, तर तो बदलून ३०० दिवसांत २१६ युनिटं वाचतील. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे दर चढतो, त्यामुळे वाचलेली युनिटं वरच्या महाग टप्प्यातून कमी होतात. म्हणून मी पहिला पंखाच बदलेन. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून साधं बटण लावून घ्या; रेग्युलेटरमागे हा पंखा घरघरतो आणि त्याचं सर्किट जळू शकतं.

आता स्टारचं. बीईई, म्हणजे स्टार ठरवणारी सरकारी संस्था, स्टारचे तक्ते अधूनमधून कडक करते. जुलै २०२२मध्ये एसीचा तक्ता बदलला आणि आदल्या दिवसाचा फाइव्ह स्टार फोर स्टार झाला. स्टार त्या-त्या प्रकारात आणि आकारात मोजतात, म्हणून मोठा फाइव्ह स्टार फ्रिज लहान थ्री स्टारपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. लेबलवर वर्षाला किती युनिटं आणि लेबल कुठल्या काळासाठी वैध, हे दोन आकडे वाचा.

आपल्या फ्रिजच्या लेबलवरच्या युनिटांना ३६५ने भागा. २३० असतील तर रोजचं ०.६३ येतं. प्लगमध्ये लावायचा छोटा एनर्जी मीटर मिळतो, तो २४ तास लावून बघा. दीड युनिट दाखवलं तर आधी दाराचं रबर तपासा: दारात नोट धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर रबर सैल आहे. आई, खालच्या कोपऱ्यांत नक्की बघ, तिथे चिकट मळ साठून रबर वर उचलतं. कोमट साबणपाण्याने पुसलं की बरेचदा बसतं. मागच्या जाळीवरची धूळ काढा, भिंतीपासून चार बोटं जागा सोडा.

गीझर ५५ अंशांवर ठेवा आणि अंघोळीआधी वीसेक मिनिटं लावा. तो दिवसभर चालू राहिला तर टाकीतलं पाणी निवतं, परत तापतं आणि युनिटं फुकट जातात.

मीटर उंचावर आहे, तेव्हा स्टुलावर चढू नका. खालूनच मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून पाठवा, मी मोजते.

तुमची लेक